गोष्ट सर्वांची : बालवर्गातील कथाकथन आणि लिंगभावाचे वैविध्य

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लोंबकळणारे सुगरणीचे खोपे खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे असतात. मराठीने या पक्ष्याला 'सुगरण' म्हटले, म्हणजे घरकामात निपुण अशा गृहिणीचे नाव दिले. परंतु तो खोपा मादी विणीत नाही, नर विणतो. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले व ते प्रसिद्ध केले. नर अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन तो पारखते. तिला तो पसंत पडला तरच पुढचे काम पूर्ण होते.

हा निसर्गपाठ सांगण्यापूर्वी बालवर्गात 'खोपा कोण विणते?' असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले 'सुगरणबाई' असेच उत्तर देतील. त्यांची चूक नाही. नावावरून आणि घरात रोज दिसणाऱ्या कामांच्या वाटणीवरून त्यांनी तो निष्कर्ष काढलेला असतो. काम बाईचे की पुरुषाचे, खेळ मुलाचा की मुलीचा, रंग कोणाचा, रडणे कोणाला शोभते, याविषयीचे सारे हिशेब मूल शाळेत नाव घालण्यापूर्वीच करून मोकळे झालेले असते. हे हिशेब थोडे सैल करणे आणि त्यांत न बसणाऱ्या मुलालाही वर्गात मानाने बसता येईल असे वातावरण निर्माण करणे, हे बालशिक्षणाचे एक महत्त्वाचे कार्य होय. त्यासाठी गोष्टीसारखे सोपे, स्वस्त आणि मुलांना प्रिय असलेले साधन दुसरे नाही.

लिंगभाव म्हणजे काय?

शरीररचनेवरून जन्माच्या वेळी नोंदविले जाते ते लिंग. मुलगा म्हणजे असा आणि मुलगी म्हणजे अशी, या समाजाच्या अपेक्षा आणि आपण कोण आहोत याविषयी व्यक्तीला आतून वाटणारी जाणीव, या दोहोंना मिळून लिंगभाव म्हणतात. बहुसंख्य व्यक्तींच्या बाबतीत जन्मनोंद आणि आतील जाणीव यांचा मेळ बसतो. काहींच्या बाबतीत तो बसत नाही; त्यांना पारलिंगी अथवा तृतीयपंथी असे संबोधले जाते. काही व्यक्तींची शरीररचनाच जन्मतः स्त्री वा पुरुष या दोन्ही चौकटींत पुरती बसत नाही. याखेरीज, स्वतःला मुलगाच मानणारा परंतु भातुकली आवडणारा मुलगा आणि स्वतःला मुलगीच मानणारी परंतु कुस्तीच्या आखाड्याकडे ओढ असणारी मुलगी ही तर प्रत्येक गावात असतात. या सर्वांना सामावून घेणारी संज्ञा म्हणजे लिंगभावाचे वैविध्य.

मुलाच्या मनात ही जाणीव कशी घडते, याचा मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये या विकासाचे टप्पे मांडले. साधारण दोन-तीन वर्षांचे मूल 'मी मुलगा' किंवा 'मी मुलगी' असे सांगू लागते. परंतु केस वाढविले किंवा झगा घातला की मुलाची मुलगी होते, असेही त्याला या वयात वाटत असते. पाच-सहा वर्षांच्या सुमारास मुले या नियमांबाबत फार कडक होतात आणि नियम मोडणाऱ्या सवंगड्याला चारचौघांत हटकतात. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, पाचव्या वर्षापर्यंत मुली व मुलगे आपापल्या गटाला सारखेच हुशार समजतात. मात्र सहाव्या वर्षापासून 'अतिशय हुशार' माणूस आपल्यापैकी असेल असे मुलींना कमी वाटू लागते. म्हणजे ज्या वयात मूल अंगणवाडीतून पहिलीत जाते, त्याच वयात त्याच्या मनातील कुंपणे पक्की होत असतात. 'हा विषय मुलांना मोठेपणी कळेल' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे.

हा प्रश्न किती मुलांचा?

२०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' अशी नोंद करण्याची सोय प्रथमच करण्यात आली. त्या वेळी देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची अशी नोंद झाली. देशातील या नोंदींपैकी ५४,८५४ नोंदी सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या होत्या. लहान मुलांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांनी दिलेली असते, हे लक्षात घेतले तरी या आकड्याचा अर्थ स्पष्ट आहे. ही बालके अंगणवाडीच्या वयाची होती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात तृतीयपंथीयांना संविधानातील मूलभूत हक्क पूर्णतः लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. शासनाच्या निधीवर चालणाऱ्या वा शासनमान्य असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने त्यांना भेदभावाविना, इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ व करमणुकीची संधी द्यावी, अशी जबाबदारी या कायद्याच्या कलम १३ ने टाकली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये मुली आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांच्यासाठी लिंगभाव समावेशन निधीची कल्पना मांडण्यात आली.

कायद्याने शाळेचे दार उघडते हे खरे. पण वर्गात टिकून राहणे हे शेजारच्या मुलांच्या वागणुकीवर अवलंबून असते. 'बायल्या' हा एक शब्द मधल्या सुट्टीत रोज ऐकू येत असेल, तर त्या मुलाला शाळेत आणणारा कोणताही कायदा त्याला शाळेत ठेवू शकत नाही. अशा चिडवण्याला कंटाळून शाळा सोडल्याचे कित्येक तृतीयपंथीयांनी आपल्या आयुष्याविषयी सांगताना नमूद केले आहे. सुटलेल्या शाळेबरोबर पुढची नोकरी, मान आणि अनेकदा घरही सुटते. म्हणून या कामाचा आरंभ बालवर्गापासून व्हावयास हवा.

आपल्या परंपरेतील गोष्टी

हा विषय आपल्या भूमीला परका आहे असे मानण्याचे कारण नाही. पंढरीच्या वाटेवर स्त्री असो वा पुरुष, वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारतात. ज्ञानेश्वर हे पुरुष, तरी ते महाराष्ट्राची माउली. विठ्ठल हा देव, तरी भक्तांची विठाई. जनाबाईबरोबर जात्यावर दळावयास बसणारा, तिच्या कामाला हातभार लावणारा विठ्ठल घराघरांतून सांगितला जातो. जाते हे बाईचे काम म्हणून देवाने ते टाळले नाही, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलालाही समजते. घारापुरीच्या लेण्यांत अर्धनारीश्वराचे भव्य शिल्प आहे. महाभारतातील अर्जुन विराटनगरीत बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवितो. एकनाथांची भारुडे सादर करताना सोंग घेणारा कलावंत डोक्यावरून पदर घेऊन बाईच्या आवाजात बोलतो आणि गाव ते मनापासून ऐकते.

मात्र येथे एक विसंगती नजरेआड करता येणार नाही. भारुडात पदर घेणाऱ्या पुरुषापुढे हात जोडणारे गाव अंगणात रांगोळी काढणाऱ्या मुलाला हसते. बृहन्नडेची गोष्ट सांगताना पुष्कळदा तिचे रूपांतर विनोदात केले जाते. सांगणारा कंबर मोडून, आवाज बारीक करून हशा मिळवितो. त्या हशात वर्गातील एखादे मूल मान खाली घालते, हे त्याच्या लक्षात येत नाही. तीच गोष्ट सरळ सांगता येते. जगातील श्रेष्ठ धनुर्धर हा नृत्याचाही उत्तम शिक्षक होता, आणि राजवाड्यातील मुली त्याच्याकडून आवडीने शिकत होत्या, एवढे सांगितले तरी पुरे.

काऊ-चिऊची गोष्ट तर मराठी मुलाची पहिली गोष्ट. तीत चिऊताई बाळाचे सारे करते आणि पावसात भिजलेला काऊ दाराबाहेर तिष्ठत राहतो. गोष्ट संपल्यावर 'चिमणा कुठे गेला होता?' एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा. कोणी म्हणेल शेतावर, कोणी म्हणेल मुंबईला. मग अंगणातील खऱ्या चिमण्या पाहावयास सांगावे. नर आणि मादी दोघेही चोचीत किडे आणून पिलांना भरवितात, हे मुले स्वतःच येऊन सांगतील.

मराठी भाषेने दिलेली सोय

कथाकथन करणाऱ्यास मराठीने एक मोठी सोय करून ठेवली आहे. आपल्या भाषेत तो आणि ती यांच्या जोडीला 'ते' आहे. आणि लहान जिवांसाठी भाषा हाच तिसरा पर्याय वापरते. ते बाळ, ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू, ते पिल्लू, ते पाखरू. अशा नायकाची गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत 'ते आले, ते हसले' अशी सांगता येते. तो नायक मुलगा की मुलगी, हे कोठेही सांगावे लागत नाही. प्रत्येक मूल स्वतःला त्याच्या जागी पाहू शकते. गोष्टीच्या शेवटी 'ते मुलगा असेल की मुलगी? तुला असे का वाटले?' असे विचारले की मुलांच्या मनातील समजुती त्यांच्याच तोंडून बाहेर पडतात. शूर होते म्हणून मुलगा, रडले म्हणून मुलगी, अशी उत्तरे आली तर तेथूनच गप्पांना सुरुवात करावी.

केवळ गोष्ट पुरेशी नाही

नव्या विचाराची गोष्ट ऐकविली की मुलांचे विचार आपोआप बदलतात, असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधिका ब्रॉन्विन डेव्हीस यांनी बालवाडीतील मुलांना अशा गोष्टी वाचून दाखवून त्यांच्याशी सविस्तर चर्चा केली आणि १९८९ मध्ये त्याविषयी ग्रंथ लिहिला. त्यांनी निवडलेल्या गोष्टींत रॉबर्ट मुन्श यांची १९८० मधील, कागदी पिशवी अंगावर घालणाऱ्या राजकन्येची गोष्ट होती. या गोष्टीतील राजकन्येची वस्त्रे जळून जातात. ती कागदी पिशवी गुंडाळून निघते, युक्तीने राक्षसी सर्पाला थकविते आणि राजपुत्राला सोडविते. राजपुत्र मात्र तिच्या मळक्या अवताराला नावे ठेवतो. तेव्हा ती त्याला सोडून आनंदाने निघून जाते. मोठ्यांना यातील आशय लगेच कळतो. परंतु अनेक मुलांना वाटले की, राजकन्येने आधी स्वच्छ व्हावयास हवे होते आणि मग राजपुत्राशी लग्न करावयास हवे होते.

याचा अर्थ असा की, मूल गोष्ट कोऱ्या मनाने ऐकत नाही. आधीच ऐकलेल्या शेकडो गोष्टींच्या साच्यात ती ओतून घेते. म्हणून गोष्टीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व नंतरच्या संवादाला आहे. मात्र संवाद म्हणजे तात्पर्य नव्हे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी कथाकथनाचे शास्त्र रचले तेव्हा आनंदाला पहिले स्थान दिले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तीच दृष्टी बोर्डी व कोसबाड येथे आणली आणि अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांच्या अंगणात बालशिक्षण नेले. उपदेशाची गोळी देण्यासाठी गोष्टीची साखर वापरली की मुले साखर चाटतात आणि गोळी थुंकून टाकतात.

एक नमुना

अंगणवाडी सेविका वा शिक्षक यांना सहज सांगता येईल अशी एक गोष्ट येथे नमुन्यादाखल देत आहोत.

एका वाडीत एक करडू होते. त्याला दोन गोष्टी फार आवडत. एक, उंच कातळावर चढणे. आणि दुसरी, गळ्यातील घुंगरांच्या तालावर नाचणे. बोकड म्हणाले, "चढायचे असेल तर आमच्यात ये, पण घुंगरू काढून ठेव." शेळ्या म्हणाल्या, "नाचायचे असेल तर आमच्यात ये, पण कातळावर चढू नकोस." करडू इकडे गेले, तिकडे गेले आणि शेवटी वाड्याच्या दारात एकटेच बसले. एके दिवशी डोंगरावर दाट धुके उतरले. कळपाला वाट दिसेना. करडू सर्वांत उंच कातळावर चढले आणि तेथे नाचू लागले. छुम् छुम् छुम्! त्या आवाजाच्या रोखाने एक एक शेळी, एक एक बोकड वाडीला परतला. म्हातारी शेळी म्हणाली, "बाळा, ते घुंगरू काढून ठेवू नकोस हो."

गोष्ट येथे संपते. त्यानंतर मुलांना नाचू द्यावे, चढण्याचा अभिनय करू द्यावा, करडाचे चित्र काढू द्यावे. मग दोन-तीनच प्रश्न विचारावेत. करडू दारात एकटे बसले तेव्हा त्याला काय वाटले असेल? आपल्या खेळात आपण कोणाला 'तू येऊ नकोस' म्हणतो का? आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धुके पडलेच नसते आणि करडाने कोणाला वाचविलेही नसते, तर त्याला कळपात घ्यायचे की नाही?

हा तिसरा प्रश्न कधीही गाळू नये. वेगळ्या मुलाने काही पराक्रम केला तरच त्याला आपल्यात घ्यावयाचे, असा धडा अशा गोष्टींतून नकळत दिला जातो. कळपातील जागा ही बक्षीस नव्हे. ती प्रत्येकाच्या जन्माबरोबर येते. मुले या प्रश्नावर क्षणभर थांबतील. त्यांना थांबू द्यावे. उत्तर शिक्षकाने देऊ नये.

गोष्टींची निवड करताना अलीकडच्या पुस्तकांचाही उपयोग होईल. कनक शशी यांनी लिहिलेल्या व चितारलेल्या 'गुठली' या मुलाच्या चित्रकथेत, घरचे मुलगा म्हणत असले तरी स्वतःला परी मानणारे मूल आणि शेवटी त्याला समजून घेणारी आई आहे. कमला भसीन यांनी मुलगा म्हणजे काय आणि मुलगी म्हणजे काय, हा प्रश्न अगदी सोप्या शब्दांत मांडला. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडत असल्याचे, तसेच स्त्री डॉक्टर व वाहतूक पोलीस यांचे चित्र दिले. अशी चित्रे दाखवून 'आता तुम्हीच गोष्ट सांगा' म्हटले तरी एक तास आनंदात जातो.

घ्यावयाची दक्षता

या वयात विषय नाव, कपडे, खेळ, काम, भावना आणि एकमेकांचा आदर यांपुरताच असावा. गोष्टीनंतर एखाद्या मुलाकडे बोट दाखवून 'आपल्या अमक्यासारखे' असे चुकूनही म्हणू नये. मुलगा बाहुली खेळला किंवा मुलीने केस कापले, यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा तो निव्वळ खेळ असतो. मूल स्वतःविषयी काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, हसू नये, दटावू नये आणि इतरांपुढे त्याची चर्चा करू नये. वर्गाच्या दैनंदिन व्यवहाराकडेही लक्ष द्यावे. झाडणे मुलींनी आणि टेबल उचलणे मुलांनी, अशी वाटणी चालू ठेवून सांगितलेल्या गोष्टीला अर्थ राहत नाही.

पालक आणि पंचायत

पालकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पारलिंगी मुलांच्या शाळेतील समावेशाविषयी शिक्षकांसाठी तयार केलेली मार्गदर्शिका आक्षेप आल्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. शंका टाळून किंवा दडपून काम पुढे जात नाही, हाच त्यातून घ्यावयाचा बोध होय. 'अशा गोष्टींनी मुले बिघडतील का?' असा प्रश्न पालकांनी विचारल्यास त्याचे उत्तर सरळ द्यावे. करडाची गोष्ट ऐकून कोणाचाही लिंगभाव बदलत नाही. बदलते ते इतरांशी वागणे. पारलिंगी असणे हा मनोविकारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सांगावयाच्या गोष्टी या समितीपुढे आणि अंगणवाडीच्या माता-पालक सभेत आधी सांगाव्यात. पुष्कळ आजी-आजोबांजवळ अशा गोष्टींचा साठा असतो. त्यांनाच वर्गात बोलवावे. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणाच्या खर्चातून चार-दोन चित्रपुस्तके अंगणवाडीला घेऊन दिली तर तो खर्च वाया जाणार नाही.

पंचायत सदस्यांना तर या विषयाचा अनुभव जवळचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास सरपंचपदी निवडून दिले. गावकरी त्यांना 'माउली' या नावाने ओळखत. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांना स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडणूक लढविण्यास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. ज्या गावांनी मतपेटीतून हा विश्वास दाखविला, त्या गावांतील बालवर्गाला करडाची गोष्ट समजणे अवघड नाही.

यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको, मोठा निधीही नको. रोज सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीकडे थोड्या सावध नजरेने पाहावे, हसे कोणाच्या जिवावर होते आहे ते तपासावे आणि गोष्ट संपल्यावर मुलांचे म्हणणे ऐकावे. अंगणवाडीत जितकी मुले तितकी बस्करे असतात. त्यांतले एकही बस्कर चिडवण्यामुळे रिकामे राहू नये, याची काळजी शिक्षक, पालक आणि पंचायत यांनी मिळून घेतली, तर कायद्याने दिलेला हक्क खऱ्या अर्थाने मुलांच्या पदरी पडेल.